सोनेरी राहिलेलं ऑइल

मी बोलतोय. एकदऱ्याच्या खाडीकाठी, उलट्या घातलेल्या होडीशेजारी निळ्या ताडपत्रीखाली लोखंडाचं एक धूड पडलंय ना, ते मी. अंबाजीच्या बोटीचं मशीन. सहा सिलिंडरचं, डिझेलवर चालणारं, आणि आता न चालणारं. मी जरा घाईत आहे. भरतीचं पाणी चढायला लागलंय आणि बोट तरंगायच्या आत मला सगळं सांगून व्हायला हवं. मध्येच माझा तोल गेला तर सांभाळून घ्या.

जन्म पुण्याकडच्या कारखान्यातला. माझी भावंडं ट्रकांत बसली आणि घाट चढायला लागली. मला मात्र खाऱ्या पाण्याच्या नळ्या जोडल्या, हिरवा रंग फासला आणि टेम्पोत घालून इकडे पाठवलं. अंबाजीने मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आधी पायातली चप्पल काढली. पाच वर्षं झाली, पण ते मी विसरलेलो नाही. त्याआधी त्याच्याकडे मागे अडकवायचं लहानसं मशीन असलेली होडी होती. मोठी बोट आणि तिच्या पोटात बसवलेलं मशीन, हे त्याचं पहिलंच. त्याच्या बायकोने, कमळने, मला हळद-कुंकू लावलं आणि म्हणाली, "संबाल रं बाबा माझ्या मानसांना." मी मनातल्या मनात हो म्हटलं होतं.

चार वर्षं माझं खाणंपिणं सदू बघायचा. सदू हा बोटीचा ड्रायव्हर, म्हणजे मशीन सांभाळणारा. सुकाणू धरायचा तो तांडेल, अंबाजीचा पुतण्या विनेश. सदू फार बोलायचा नाही. ऑइलच्या डब्यावर काय छापलंय ते अक्षर अक्षर लावून वाचायचा. डिझेल मशीनचंच आहे ना, मला लागतं तेवढंच जाड आहे ना, हे दोनदा बघायचा आणि मगच ओतायचा. ते ऑइल दुसऱ्याच दिवशी काळं व्हायचं. व्हायलाच हवं! डिझेल जळलं की काजळी धरते. चांगलं ऑइल ती काजळी धुऊन आपल्या अंगावर घेतं. स्वतः काळं होतं आणि मला साफ ठेवतं. ठरलेले तास भरले की ते काढायचं आणि नवं भरायचं. एवढं साधं आहे हो हे.

यंदा मासेमारीच्या पावसाळी बंदीत सदूची आई आजारी पडली म्हणून तो गावी गेला. जाण्याआधी माझ्यात नवं ऑइल भरून, मला दोन तास चालवून गेला होता. नारळी पौर्णिमेला बोटीची पूजा झाली. मला पुसायला कमळने कोरं पांढरं फडकं आणलं होतं. अंबाजीच्या मनात काय आलं कुणास ठाऊक. त्याने माझी ऑइल मोजायची पट्टी बाहेर ओढली आणि त्या फडक्यावर पुसली. फडक्यावर काळाकुट्ट ओरखडा उमटला.

"सनाच्या दिवशी काला?" अंबाजीचा चेहराच पडला. "आठ दिस न्हाय झालं भरून. सदूला दुकानदारानी फसवला."

इथे तुम्हाला अंबाजी कळायला हवा. हा माणूस माशाचा नुसता कल्ला उचलून सांगतो की मासा कधी मेला. लालभडक असेल तर ताजा, काळपटला असेल तर फेकून दे. चाळीस वर्षांत त्याचा डोळा कधी चुकला नाही. तोच डोळा त्याने माझ्या ऑइलला लावला. दुसऱ्या दिवशी माझं सगळं चांगलं ऑइल खाली उतरवून जुन्या फळ्यांना चोपडलं आणि हायवेवरच्या कुठल्याशा दुकानातून सुट्ट्या ऑइलचं बॅरल आणलं. दुकानदाराने काचेच्या ग्लासात ओतून दाखवलं होतं म्हणे. मधासारखं पिवळंधमक.

आणि ते तसंच राहिलं! रोज सकाळी अंबाजी पट्टी ओढायचा आणि बंदरावरच्या चार जणांना दाखवायचा. "म्हैना झाला, बघा, अजून सोना!" लोक माना डोलवायचे. अहो, काजळी धुणारं त्यात काही नव्हतंच. ती माझ्या झाकणाखाली, नळ्यांत आणि तळाशी साचत होती. मी आतून बुजत चाललो होतो आणि बाहेर माझं कौतुक चाललं होतं.

मी सांगायचा प्रयत्न केला नाही असं समजू नका. धूर सोडला. आवाज बदलला. ऑइलच्या दाबाचा काटा थोडा थोडा खाली आणला. अंबाजी काचेवर टिचकी मारून म्हणायचा, "खाऱ्या हवेनं गंजलाय." दाब उतरला की कोकलणारा एक भोंगा मला कारखान्यातूनच मिळाला होता. त्याची वायर दुसऱ्याच वर्षी कुणीतरी उपटून टाकली. कटकट करतो म्हणून. माणसांचं हे मला कधी कळलंच नाही. ऐकायचंच नव्हतं तर तो बसवलात कशाला?

सदू परत आला. त्याने पट्टी बघितली, भुवया वर गेल्या. कमळ डबे घेऊन धक्क्यावर आली होती, तिच्यासमोरच तो म्हणाला, "दादा, ऑइल काला झाला म्हंजी तो काम करतंय. सोनेरी ऱ्हातंय तं काजली जातंय कुठं? आतमधीच ना?"

अंबाजी हसला. "सदू, तुजा येगलाच. काला दिसला तं साफ, आन साफ दिसला तं घान?"

सगळेच हसले. सदूने पट्टी पुसून परत आत सारली. चारचौघांत मालकाला उलट बोलायचं नाही, ही त्याची रीत. मला मात्र त्या दिवशी त्याचा फार राग आला. बोल की माणसा, तुला जीभ आहे!

दिवाळीनंतरची गोष्ट. दुपारची वेळ, समुद्रातल्या कासा किल्ल्याच्या बाहेर, जाळं पाण्यात आणि वारा एकाएकी उचललेला. माझ्या तळाची गाळणी पुरती चोंदली. ऑइल वर चढेना. लोखंडावर लोखंड घासायला लागलं. मी कळवळत होतो आणि वरून विनेश ओरडत होता, "वाढव, सदू, वाढव!" मी वेग वाढवला. मग एक कडाका झाला आणि मी जागच्या जागी आवळलो. पाच माणसं माझ्या भरवशावर होती आणि मी थांबलो.

बोट खडकांकडे सरकायला लागली. मुरुडच्या साहिलची बोट जवळ होती म्हणून निभावलं. "अंबाजीभाई, दोर घ्या!" म्हणत त्याने दोर फेकला. विनेशने तो खुंट्याला गुंडाळला, तेवढ्यात लाट आली, दोर ताणला गेला आणि त्याचा हात मध्ये सापडला. दोन बोटं गेली. त्याची ती किंकाळी माझ्या लोखंडात अजून आहे. कमळला मी काय कबूल केलं होतं?

किनाऱ्याला लागल्यावर अंबाजी सदूवर धावून गेला. "तूच तापवलास मशीन!" सदूने पिशवी उचलली आणि तो निघून गेला. आता दिघीच्या एका बोटीवर असतो.

अलिबागहून राहुल मेकॅनिक आला. मला बाहेर काढलं. तो म्हणाला, "खोलून बघतो, का बसला ते तरी कळेल." अंबाजीने माझ्यावरून हात फिरवला. "मेलेल्याचा पोट फाडून काय बघायचा? ऱ्हाऊ दे." रागाने नाही बोलला तो, डोळे भरले होते त्याचे. पण खोलू दिलं असतं तर सगळं उघड झालं असतं. त्याच्या मायेनेच घात केला.

आता नवं मशीन बसलंय. काल संध्याकाळी अंबाजीने त्यात बॅरलमधलं उरलेलं ऑइल ओतलं. तेच, सोनेरी. मी इथे पडल्या पडल्या त्याचा बुडबुड आवाज ऐकला. आज भरती भरली की बोट सुटणार, बोटीवर अंबाजी आणि सुकाणूवर पुन्हा विनेश, उरलेल्या अर्ध्या पंजाने. मला भंगारात घाला, वितळवा, माझं काही म्हणणं नाही. पण कुणीतरी त्यांना अडवा. मला तोंड नाही, तुम्हाला आहे. कुणी आहे का इथे?

कमळ येतेय. नव्या मशीनची पूजा करून आली असावी, हातात एक झेंडूचं फूल उरलंय. ताडपत्री वर करून ते माझ्या डोक्यावर ठेवते आहे. ऑइल भरायचं माझं झाकण सैल आहे, तिच्या हाताने ते निसटलं. खाली घरंगळलं. ते उचलून लावायला गेली आणि तिचा हात आतल्या चिकट काळ्या थराला लागला. ती थबकली. पदराने पुसून बघतेय, निघत नाही. बघ, नीट बघ. आता पट्टी ओढ. ओढली! पट्टीवर अजून सोनेरीच ऑइल आहे. ती एकदा पट्टीकडे बघते, एकदा हाताकडे.

"वर पांढरा दूध, आन तलाला करपल्याला," ती स्वतःशीच म्हणाली. आणि मग हळूच, "सदू बोलला व्हता."

खाडीत बोट तरंगली. नवं मशीन सुरू झालं, सुरेख सुरू झालं. त्या कोवळ्या मशीनला अजून काही माहीत नाही.

कमळने पदर खोचला. चिखलात तिचे पाय घोट्यापर्यंत रुततायत आणि तिकडे दोर सुटतोय. "विनेश! अवं, थांबा!" ती हाका मारतेय. मशीन लागलं की बोटीवर हाक पोचत नाही, बाई, हे माझ्याइतकं कुणाला माहीत असणार? ओरडू नकोस. अंबाजी डोळ्यांनी बघतो त्यालाच खरं मानतो. तो काळा हात वर कर, उंच कर. आणि धाव. कमळ, धाव.