लाल गाडीचं पुढचं काम

गाडी आमच्या दारात आली ती टो ट्रकवर बसून. मेलबर्नजवळच्या मेल्टनच्या एका माणसाकडून प्रतापने ती घेतली होती. दोन हजार आठचं मॉडेल, दोन लाख दहा हजार किलोमीटर धावलेली, छोटी, लाल आणि म्हणे स्पोर्टी. लाल म्हणायचं ते आपलं कागदोपत्री. छतावरचा आणि बॉनेटवरचा रंग उन्हाने असा सोलवटला होता की तिला त्वचारोगाच्या डॉक्टरकडेच न्यावं. क्लच गेलेला, ड्रायव्हरची सीट फाटलेली, आत ओल्या कुत्र्याचा वास.

"इंजिन बघ," प्रताप म्हणाला.

मी बघितलं. मला ते इंजिनासारखंच दिसलं.

"ही मैथिलीसाठी. ती अठराची होईपर्यंत तयार करतो."

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. त्या ट्रकवाल्यासमोर मी नवऱ्याला जे काही सुनावलं ते त्याला मराठी येत नसूनही सगळं समजलं असावं, कारण जाताना तो प्रतापला "गुड लक, मेट" म्हणाला.

प्रताप मेकॅनिकल इंजिनिअर. भोसरीला इंजिन टेस्टिंगमध्ये त्याने नऊ वर्षं काढली, त्या जोरावर आम्हाला व्हिसा मिळाला. मेलबर्नला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी लागली, टार्निटला आम्ही घर बांधलं. आणि मग या देशाने गाड्या बनवणंच बंद केलं. कारखान्याला कुलूप लागलं. तेव्हापासून प्रताप ट्रुगनिनाच्या एका वेअरहाउसमध्ये शिफ्ट प्लॅनर आहे. स्क्रीनवरच्या चौकोनांत माणसांची नावं बसवतो. नोकरी चांगली आहे, त्याची काही तक्रार नाही. तक्रार नाही हेच मला खुपायचं. इतक्या वर्षांत तो माणूस एकदाही चिडला नाही. घरी यायचा, जेवायचा, बातम्या लावायचा आणि बातम्या बघायचा नाही.

मैथिली, आमची एकुलती एक, तेव्हा सोळाची होती. ती तिच्या खोलीत राहायची. म्हणजे राहायची आमच्याच घरात, पण आमच्याशी तिचा संबंध बंद दारामागून येणाऱ्या तीन शब्दांपुरता उरला होता. फाइन. नथिंग. लेटर. प्रताप दारापर्यंत जायचा, टकटक करायला हात उचलायचा आणि परत यायचा. मी मात्र दार वाजवायचे नाही, सरळ उघडायचे. त्याचाही काही उपयोग व्हायचा नाही.

त्यामुळे नव्या क्लचच्या पाइपातली हवा काढायची वेळ आली तेव्हा प्रतापने मला हाक मारली. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने खाली आडवं पडून बोल्ट ढिला करायचा. मी पोळ्या करत होते. "तुझ्या लाडकीलाच बोलव, गाडी तिची आहे," मी ओरडले. आमचं गराज लॉन्ड्रीला लागून आहे, त्यामुळे स्वयंपाकघरात सगळं ऐकू येतं.

"दाब," प्रतापचा आवाज. "धर. सोड. दाब."

"हाऊ मेनी टाइम्स, बाबा?"

"हवा संपेपर्यंत. धर."

पाऊण तास तेवढंच चाललं होतं. दाब, धर, सोड. मग अचानक मैथिली हसली. कशाला हसली, मला आजतागायत कळलेलं नाही. पण मी गॅस बंद करून तशीच उभी राहिले. घरात तिचं हसणं मी किती महिन्यांनी ऐकत होते!

त्यानंतर रोज सहा वाजता ती गराजमध्ये जायला लागली. शाळा, मग सुपरमार्केटमधली तिची शिफ्ट, आणि सहाला गराज. सुरुवातीला नुसती उभी राहायची. मग कोणता पाना लागेल ते ओळखून हातात द्यायला लागली. मग स्वतः खाली पडायला लागली. काढलेला प्रत्येक बोल्ट श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात जायचा आणि डब्यावर प्रतापच्या सुवाच्य अक्षरात चिठ्ठी लागायची. आमच्याकडे श्रीखंड इतकं कधी खाल्लं जातच नव्हतं. नंतर कळलं की हा माणूस दिसेल त्याच्याकडून डबे मागून आणत होता. शेजारच्या मधुवंतीने तर मला विचारलं, "तुम्ही केटरिंग सुरू केलंत का?"

वर्षभरात गाडी गाडी दिसू लागली. ब्रेक झाले, सस्पेंशन झालं, लॅव्हर्टनच्या भंगारवाल्याकडून दोन धड सीट आल्या. बापलेकीने बॉनेट पाणी मारून पॉलिश कागदाने घासून घासून रंगवलं. गाडी रस्त्यावर आणायला लायक असल्याचं रोडवर्दी सर्टिफिकेट मिळालं, रेजो म्हणजे नोंदणी झाली, आणि मैथिलीने लायसन्ससाठी सक्तीचे सरावाचे एकशेवीस तास त्याच गाडीत, बापाला शेजारी बसवून पूर्ण केले. माझ्या मते काम तिथे संपलं होतं.

पण संपेना. पुढचं काम निघायचंच. आता चाकं हलकी बसवू. आता एक्झॉस्ट बदलू. आता स्टिअरिंगला लेदर. प्रत्येक वेळी प्रताप जेवताना हळूच म्हणायचा, "मैथिली, एक विचार आलाय." आणि ती काटा खाली ठेवून ऐकायची. गेल्या नोव्हेंबरात विचार आला तो टर्बोचा. इंजिनाला जास्त हवा पाजायची, म्हणजे ताकद वाढते, एवढं मला समजावून सांगितलं गेलं. त्यासाठी लागणारं इंजिनिअरचं मंजुरीपत्रसुद्धा त्याने रीतसर आणलं. प्रताप नियमाला पक्का. हेल्मेट न घालता तो घरासमोर सायकलवरही बसत नाही. भोसरीत असल्यासारखा वहीत आलेख काढत बसायचा. एकदा तर तो चिडला! चुकीचं गॅस्केट पाठवणाऱ्या माणसावर फोनवर चक्क ओरडला. मी देवाला साखर ठेवली.

फेब्रुवारीत मैथिली अठराची झाली. बॅलॅरॅटला पॅरामेडिकच्या कोर्सला तिला प्रवेश मिळाला होता. दोन आठवड्यांनी ती तिकडे राहायला जाणार होती, आणि तिथे पहाटेच्या ड्युट्या म्हणजे गाडीशिवाय हातपाय बांधल्यासारखं. गुरुवारी तिची ड्रायव्हिंग टेस्ट होती. बापलेक लाल गाडी घेऊन टेस्टला गेले आणि मी इन्शुरन्सला फोन लावला. घरातली कागदपत्रं सगळी माझ्याकडे.

"माझ्या मुलीचं नाव गाडीवर घालायचंय. आज तिला पी प्लेट मिळेल." पी प्लेट म्हणजे नव्या ड्रायव्हरने पहिली काही वर्षं गाडीला लावायची पाटी.

पलीकडची बाई गोड होती. सगळं विचारता विचारता म्हणाली, "टर्बो कंपनीचाच आहे की नंतर बसवलाय?"

"नंतर. माझ्या नवऱ्याने बसवलाय," मी जरा ऐटीतच म्हणाले.

मग तिने हळुवारपणे सांगितलं की ताकद वाढवायला इंजिनात फेरफार केलेली गाडी पी प्लेटवाल्यांना चालवता येत नाही. लर्नर असताना शेजारी कोणी असतं म्हणून चालतं. पण लाल पी आणि हिरवा पी मिळून चार वर्षं, नाही. कायदाच आहे.

आम्हाला हे ठाऊक असण्याचं काही कारणच नव्हतं. आम्ही दोघं पुण्याचं लायसन्स घेऊन आलो, इथे टेस्ट दिली आणि थेट पूर्ण लायसन्स हातात पडलं. पी लावून आम्ही एक दिवसही गाडी चालवली नाही. इतका हुशार इंजिनिअर, आलेख काढतो, मंजुऱ्या आणतो, आणि पोरीची गाडी पोरीलाच चालवता येणार नाही अशी करून ठेवतो! ते परत येईपर्यंत मी काय काय बोलायचं ते सगळं मनात पाठ करून ठेवलं.

गाडी आली. प्रताप चालवत होता. मैथिली शेजारच्या सीटवर.

"पास!" तो खिडकीतूनच ओरडला. "एकही चूक नाही! येताना मीच चालवली, हिचे हात थरथरत होते."

मी मैथिलीकडे बघितलं. तिचे हात अजिबात थरथरत नव्हते.

स्वयंपाकघरात ती पाणी प्यायला आली तेव्हा मी तिला धरलं. "तुला माहितीये."

तिने ग्लास खाली ठेवला. "सिन्स नोव्हेंबर."

"आणि बोलली नाहीस? अगं, तुझी गाडी ना ती?"

"आई, प्लीज, हळू." तिने लॉन्ड्रीचं दार लोटलं. "तू बघितलंस ना त्याला? ही वॉज सो हॅपी. टर्बो बसवताना शिट्टी वाजवत होता. बाबा! शिट्टी! मी कसं सांगणार होते?"

"मग बॅलॅरॅटला काय चालत जाणार आहेस?"

"तुझी ऑटोमॅटिक मागणार होते. सांगणार होते की तिकडे थंडी फार, लाल गाडीचा हीटर वीक आहे. त्याला सांगू नकोस. प्रॉमिस?"

मी कबूल केलं. माझ्या पोरीने चार महिने रोज संध्याकाळी उभं राहून आपली गाडी हातची जाताना बघितली होती, आणि वर पाने दिले होते. मला तिचा राग आला आणि तिला मिठीही मारावीशी वाटली. मी फक्त तिला जेवायला वाढलं.

गुप्त गोष्ट पोटात ठेवणं मला जमत नाही. शुक्रवार मी कसाबसा काढला. शनिवारी दुपारी मैथिली शिफ्टला गेली होती. मी कपडे धुवायला लॉन्ड्रीत गेले तर गराजमध्ये प्रताप गाडीच्या मागे उकिडवा बसला होता. हातात लाल पीची पाटी. पट्टी लावून दोन्ही बाजूंनी अंतर मोजत होता, पाटी अगदी मध्यावर बसावी म्हणून.

"सरळ दिसतंय का गं?" त्याने विचारलं.

सगळं पाठ केलेलं भाषण मी विसरले. त्याच्या शेजारी जमिनीवर बसले आणि साध्या शब्दांत सांगून टाकलं. इन्शुरन्सची बाई, टर्बो, चार वर्षं. ऐकून झाल्यावर त्याने पाटी काळजीपूर्वक काढली आणि मांडीवर ठेवली.

"मैथिलीला माहीत होतं?"

नाही म्हणावं असं एक क्षण वाटलं. पण हा माणूस लहान मूल नाही, आणि आम्ही दोघी त्याला तसंच वागवत होतो.

"हो. नोव्हेंबरपासून."

"पण पाइप जोडताना टॉर्च तीच धरत होती," तो म्हणाला. "तिने तर मला एक गळती दाखवली. ती नसती तर मला दिसलीच नसती." "का केलं तिने असं?"

"तू शिट्टी वाजवत होतास म्हणून."

त्याने पाटी बाजूला ठेवली. मग उठला, बॉनेट उघडलं आणि पाने बाहेर काढायला लागला. मी तिथेच थांबले. कपडे धुवायचे तसेच राहिले.

पाच वाजता मैथिली आली. सुपरमार्केटच्या शर्टातच ती गराजच्या दारात थबकली. तिने उघडं बॉनेट बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"यू प्रॉमिस्ड, आई."

"हो. मोडलं," मी म्हणाले.

"बाबा, स्टॉप. काढू नकोस. मी आईची कार घेईन, आय रिअली डोन्ट माइंड. चार महिने लागले तुला!"

"तू मला सांगायला हवं होतंस."

"सांगितलं असतं तर तू बसवला असतास?"

"नसता."

"देन? तुला इतकी मजा येत होती. मी इतक्या वर्षांत तुला तसं बघितलं नव्हतं. आय वॉन्टेड यू टू हॅव इट."

प्रतापने हातातला पाना बॅटरीवर ठेवला, मग तिथे ठेवू नये हे आठवून उचलला. आमच्या दोघींकडे न बघता इंजिनाकडे बघत बोलला.

"मला टर्बोचं काय करायचंय गं? वेअरहाउस दहा मिनिटांवर आहे. तिथे टर्बो लावून कोणाला हरवू? रोडवर्दी मिळाली तेव्हाच गाडी झाली होती तुझी. मग मला वाटलं, आता ही सहाला कशाला येईल? म्हणून चाकांचं काम काढलं. चाकं झाली, मग एक्झॉस्ट. ते झालं, मग मला दुसरं काही सुचेना, म्हणून टर्बो." त्याने पाना फडक्याला पुसला. "शिट्टी मी त्यासाठी नव्हतो वाजवत."

मैथिली दारातच उभी राहिली. दोन वर्षं माझ्या स्वयंपाकघरापासून दहा पावलांवर हे दोघं एकमेकांसाठी राबत होते आणि मी बाहेरून इंजिनाला शिव्या देत होते, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. मला रडू फुटलं. मी ते लपवलं नाही.

मग मैथिली आत आली. कपाटातून एक रिकामा डबा घेतला, त्यावर कोरी चिठ्ठी चिकटवली आणि बापाच्या शेजारी इंजिनावर वाकली.

"किती दिवस लागतील काढायला?"

"दोन," प्रताप म्हणाला. "उद्या संध्याकाळपर्यंत होईल."

तिने शर्टाच्या बाह्या वर सारल्या.

"दहा लावूया," ती म्हणाली. "मी बाराव्या दिवशी जाणार आहे."