विरोध, पाच ओहम

“पॉइंट दोन, पॉइंट चार, पॉइंट सा, पॉइंट आठ,” धोंडीराम वाघमोडे ओठ न हलवता पुटपुटले आणि फडक्यानं टेबल पुसू लागले.

बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. जुळे सोलापुरातल्या या कॉलेजात धोंडीराम भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेचे सहायक होते. मुलं त्यांना मामा म्हणत. मामांचं फडकं ज्या टेबलावर फिरे, तिथल्या मुलाला रीडिंग मिळे. त्यामुळं परीक्षेच्या दिवसांत इथली टेबलं आरशासारखी चकचकीत असत. प्रयोग कोणी करत नसे. वेळ वाचे आणि वीजही वाचे.

पण आज या टेबलावरची मुलगी लिहीत नव्हती.

“मामा, काटा पॉइंट तीन एकवर आलाय,” ती म्हणाली.

“काट्याकडं कशाला बघतीस? मी हाय की हितं.”

“पण मी सुरू केलंय ना.”

फडकं थांबलं. “काय सुरू केलंयस?”

“करंट. प्रयोग आहे की मामा.”

ही कौसर. हिचे वडील इलाहीबक्ष यंत्रमागांच्या जळालेल्या मोटारी भरून देत. मोटार भरायची म्हणजे जुनी तार उपसून नवी गुंडाळायची आणि मग मीटर लावून बघायचं. कौसरला मीटर वाचता येत होता, अक्षर वाचायच्या आधीपासून. ज्या पोरीला मीटर वाचता येतो, तिला ओहमच्या नियमाची चिठ्ठी यावी, हे धोंडीरामांचं दुर्दैव. आणि ते यावं नेमकं फेब्रुवारीत.

कारण फेब्रुवारीअखेर धोंडीराम निवृत्त होत होते. पेन्शनची फाईल एका कागदासाठी अडली होती. त्याला ना-हरकत दाखला म्हणतात. त्यात एक ओळ होती : ‘प्रयोगशाळेतील सर्व साहित्य मूळ व चालू स्थितीत आढळले.’ खाली विभागप्रमुख हत्तुरे सरांची सही हवी होती. सर आज संध्याकाळी पाच वाजता करतो म्हणाले होते. बायकोच्या, बजाबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन पेन्शन सुरू झाल्यावर करायचं ठरलं होतं. सकाळी डबा देताना त्या म्हणाल्या होत्या, “कागद घिऊनच या. न्हायतर दार उघडाया मी उठायची न्हाय. उठताच येत न्हाय म्हना.”

आता या ओळीत जी एक वस्तू बसत नव्हती, ती कौसरच्या समोर होती.

सतरा वर्षांपूर्वी या प्रयोगातला रोध जळाला. रोध म्हणजे तारेचं वेटोळं. विजेला अडवतं, पण शिस्तीत अडवतं. व्होल्ट दुप्पट केले की प्रवाह दुप्पट, आणि आलेखावर सरळ रेष. नवा रोध मागवा म्हणून धोंडीरामांनी अर्ज दिला. हत्तुरे सरांनी त्यावर शेरा मारला, ‘तूर्त चालवून घ्यावे.’ धोंडीरामांनी चालवून घेतलं. स्वतःच्या लुनाचा मागचा बल्ब काढला, पेढ्याच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या डब्यात बसवला, दोन स्क्रू बाहेर काढले, डबा काळा रंगवला आणि वर पांढऱ्या रंगानं, जीभ बाहेर काढून, सुबक अक्षरात लिहिलं, ‘विरोध, ५ ओहम’.

हत्तुरे सर खूप हसले होते. “अहो मामा, विरोध नाही, रोध. आपल्या खात्यात विरोध नसतो.” मग त्यांनीच ब्लेड घेऊन ‘वि’च्या रेघांवरून नीट खरवडलं. पांढरा रंग निघाला, खालचा काळाही निघाला. त्यावर धोंडीरामांनी काळी टेप लावली. तो शब्द त्यानंतर कॉलेजात कुठंच दिसला नाही. लुना तेव्हापासून मागच्या दिव्याशिवाय फिरत होती.

“एका व्होल्टला पॉइंट तीन एक,” कौसर बोट लावून दाखवत होती, “दोनला पॉइंट चार पाच, तीनला पॉइंट पाच सात. व्होल्ट वाढवले तसा करंट वाढत नाही, मागे मागे राहतोय. आतली तार तापतीय मामा. तापली की जास्त अडवते.” तिनं बटण चार व्होल्टवर नेलं. सतरा वर्षं वाळलेली टेप डब्याच्या उबेनं सुटली आणि टेबलावर पडली. कौसर वाकली. “दिवा आहे की यात.”

धोंडीरामांनी फडकं डब्यावर टाकलं.

“बाय, तुज्या पाया पडतो. पॉइंट दोन, पॉइंट चार लिही. सगळ्यांनी तेच लिवलंय. तुज्या मास्तरांच्या भावानं बी तेच लिवलं हुतं, त्यो आज इंजिनेर हाय.”

“मग मी प्रयोग करायचा कशाला?”

तेवढ्यात हत्तुरे सर एक्स्टर्नलना घेऊन आले. बाहेरच्या कॉलेजातून येणाऱ्या परीक्षकाला एक्स्टर्नल म्हणतात. त्याला दुसरं नाव असतं, पण ते जेवणापुरतं विचारतात. हे भजी खाऊन आले होते. त्यांच्या खुर्चीवर रंगीत कागदात गुंडाळलेली चादर त्यांची वाट बघत होती.

एक्स्टर्नलनी कौसरचा आलेख उचलला. आधीच्या बॅचमधल्या सात मुलांचे आलेख त्यांनी पाहिले होते. सातही रेषा एकावर एक ठेवल्या असत्या तर एकच दिसली असती.

“बाळ, ही रेष वाकलीय.”

“दिव्याची वाकतेच ना सर.”

“कसला दिवा?”

“डब्यात दिवा आहे. फडकं काढा ना सर, दिसेल.”

एक्स्टर्नलनी हात पुढं केला.

“शॉक बसेल सर,” हत्तुरे सर म्हणाले.

चार व्होल्टचा शॉक बसत नाही, हे त्या खोलीतल्या चाळीस मुलांच्या पुस्तकात होतं. एक्स्टर्नलना एमएस्सीला सुवर्णपदक होतं. त्यांनी हात मागं घेतला.

“मुलगी घाबरलीय जरा,” हत्तुरे सर म्हणाले. “आपण मामांनाच विचारू की. त्यांच्याच हातचं सामान आहे. सांगा मामा.” सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं, लावलं, पुन्हा उघडलं. दाखल्यावर सही करायचं पेन तेच होतं.

“काय हो,” एक्स्टर्नल म्हणाले, “काय आहे यात?”

कौसरनं मामांकडं पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मामांना माहीत होतं, मामांना विचारलं होतं, आता ते सांगणार, एवढा साधा तिचा हिशेब होता.

धोंडीरामांनी दोन्ही हात विजारीला पुसले. एरवी फडकं असायचं.

“रोध हाय सायेब,” ते म्हणाले. “पाच ओहमचा.”

“ऐकलंस?” एक्स्टर्नल कौसरला म्हणाले. माणूस वाईट नव्हता. “दहा मिनिटं देतो. खोडून सरळ रेष काढ, मी बघितलंच नाही असं समजतो.”

कौसरनं खोडरबर हातात घेतलं. मग खाली ठेवलं.

“मला दिसलं ते लिहिलंय सर.”

एक्स्टर्नलनी तिच्या उत्तरपत्रिकेवर लाल शाईनं लिहिलं, ‘निरीक्षणे काल्पनिक’. त्या दिवशी त्या प्रयोगशाळेत खरोखर घेतलेली निरीक्षणं तेवढीच होती. तीसपैकी अकरा मिळाले.

दुपारी सायकल स्टँडवर धोंडीराम लुना काढत होते. म्हणजे काढत नव्हते, धरून उभे होते. साडेपाच पावणेसहापर्यंत घरी जाता येणार नव्हतं, पण प्रयोगशाळेत बसवत नव्हतं.

“मामा.”

धोंडीराम वळले नाहीत. “बोल.”

“सहा व्होल्टचा आहे ना तो?”

स्टँडवर दुसरं कुणी नव्हतं. धोंडीरामांनी तरी एकदा मागं बघून घेतलं.

“व्हय. लुनाचा. मागचा.”

“पाच वॅट?”

“पाच.”

“मग माझं बरोबर होतं.”

“बरुबरच हुतं की तुजं. एक न एक रीडिंग बरुबर हुतं.”

कौसरनं मान हलवली. एखाद्याचा निकाल लागावा तशी. मग तिचं लक्ष लुनाच्या मागच्या बाजूला गेलं. तिथं लाल काच होती आणि काचेमागं रिकामी जागा.

“अब्बांच्या डब्यात असले पडलेत,” ती म्हणाली. “एक आणून देऊ? अंधारात मागून कुणीतरी ठोकायचं मामा तुम्हाला.”

तिनं टोमणा मारला असता तर धोंडीरामांना तो सहन करता आला असता. टोमण्यांची त्यांना एकतीस वर्षांची सवय होती. ही खरंच विचारत होती.

“नगं बाय,” ते म्हणाले. “आता कुटं लई फिरायचं हाय मला.”

पाच वाजता हत्तुरे सरांनी सही केली. सही करताना म्हणाले, “मामा, तुमच्यासारखा माणूस आता मिळायचा नाही.” हे त्यांनी मनापासून म्हटलं. सर्व साहित्य मूळ व चालू स्थितीत आढळलं.

दाखला घडी करून छातीच्या खिशात ठेवून धोंडीराम प्रयोगशाळेला कुलूप लावायला गेले. खिडक्या लावल्या. टेबलं आधीच स्वच्छ होती. कौसरच्या टेबलावर फडकं तसंच पडलं होतं. जाताना करंट बंद करायची इथं कुणाला सवय नव्हती, कारण तो सुरूच कधी होत नसे. काटा पॉइंट सहा सहावर उभा होता. दुपारपासून तसाच उभा होता.

त्यांनी फडकं उचललं. ते उबदार होतं.

खिडक्या लावल्यामुळं खोलीत अंधारलं होतं. डब्यावर पांढऱ्या रंगातलं ‘रोध’ पुसट दिसत होतं. त्याच्या अलीकडं, ब्लेडनं खरवडलेल्या रेघांतून पिवळा उजेड बाहेर येत होता, आणि तो उजेड बरोबर ‘वि’च्या आकाराचा होता. अक्षर चांगलं होतं. धोंडीरामांना स्वतःचं अक्षर ओळखू आलं.

त्यांनी खण उघडला, काळ्या टेपचं रीळ काढलं, दातानं एक पट्टी तोडली आणि उजेडावर लावली. चारी कोपरे अंगठ्यानं दाबले. ऊब अंगठ्याला लागत राहिली.

मग बटण बंद केलं.