डागाएवढं बटण

बटण एकमताने मंजूर झालं, आत्याला साहेबांच्या हस्ते पुष्पगुच्छ मिळाला आणि बटणवाल्याची बदली टळली. आता यातलं काहीच झालेलं नाही असं धरून आपण पुढे जाऊ, कारण बटणवाला अजून खुर्चीत बसून नखं कुरतडतोय आणि त्याला यातलं काही माहीत नाही.

कॉम्प्युटर सुरू केला की स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यात एक बटण असतं. ते दाबलं की आतला सगळा संसार बाहेर येतो. बटणवाल्याच्या कचेरीत एका नव्या कॉम्प्युटरचा चेहरामोहरा ठरत होता, आणि हे मुख्य बटण त्याच्या गळ्यात पडलं होतं. मोठ्या साहेबांनी एवढंच बजावलं होतं, की ते स्पष्ट हवं. नाही जमलं, तर बदली कचरापेटी विभागात. तिथे दोन माणसं स्क्रीनवरच्या कचरापेटीचं चित्र काढत. झाकण उघडं की बंद, यावर त्यांचं अजून ठरायचं होतं, आणि तेवढ्यात त्यातल्या एकाचे केस पिकले होते.

स्पष्ट म्हणजे काय, याचा कचेरीत एक नियम होता. ज्याने जन्मात कॉम्प्युटरला हात लावलेला नाही, अशा माणसापुढे बटण ठेवायचं. त्याने न सांगता दाबलं, तर ते स्पष्ट. पण एकदा बोट लागलं की तो माणूस उष्टा. पुन्हा चालत नसे. त्यामुळे लोकांनी आपापले नातेवाईक भराभर संपवले होते. आधी सासवा गेल्या, मग चुलत सासवा. एकाने तर लग्नच या हिशेबाने जुळवलं असं म्हणत. मुलीकडचं घराणं मोठं होतं आणि पार कोरं.

बटणवाल्याकडे उरली होती एकटी आत्या. ती घरी शिवणकाम करायची. कचेरीत आली ती मऊ उशी काखेत घेऊन, कारण परक्या खुर्चीचा भरवसा नसतो. समोर बोट लावलं की चालणारी स्क्रीन होती, आणि कोपऱ्यात भलंमोठं निळं गोल बटण. यात आत काय काय आहे ते बघा, एवढंच साहेबांनी सांगितलं. आत्याने हात मांडीवर ठेवले आणि बघत बसली. बराच वेळ बसली. साहेबांना जांभई आली.

शेवटी भाच्याने नियम थोडा वाकवला. "आत्या, ते निळं दिसतंय ना तुला?"

"दिसतंय की. एवढं परातीएवढं आहे."

"मग दाबत का नाहीस?"

"कुणाचं आहे ते?"

बटण कंपनीचं, असं साहेब म्हणाले. मग कंपनीला दाबू दे, असं आत्या म्हणाली, आणि तिचं काही चुकलं असं बटणवाल्यालाही वाटेना. त्याला आठवलं, की घरी टीव्हीचा रिमोट आतोबांच्या उशीखाली असतो. आतोबा गावाला गेले, तर आत्या बंद टीव्हीसमोर बसून शिवते. स्वतःच्या दाराची बेलसुद्धा ती दाबत नाही, कडी वाजवते.

बोट लागलं नव्हतं, म्हणजे आत्या अजून कोरी होती. म्हणून त्याने बटण आणखी स्पष्ट केलं. मोठं केलं, लाल केलं, त्याला धडधडायला लावलं, वर बाण काढला. आत्याने खुर्ची मागे घेतली. त्याने आणखी बाण काढले. खुर्ची भिंतीला टेकली. इतकं महत्त्वाचं असेल तर साहेबांनीच दाबावं, ती म्हणाली. साहेबांनी बोट पुढे केलं, त्या लाल धडधडीकडे पाहिलं, आणि वरून परवानगी आली आहे का, असं हळूच विचारलं.

तेव्हा बटणवाल्याच्या डोक्याचं भरीत झालं. जेवढं स्पष्ट करावं तेवढं लोक लांब पळतात, तर मग स्पष्ट म्हणजे नक्की काय? कचरापेटीचं झाकण त्याच्या डोळ्यांपुढे उघडझाप करू लागलं. काही सुचेना, म्हणून तो एकेक गोष्ट काढून टाकत गेला. बाण काढले, धडधड काढली, लाल रंग काढला, आकार छाटला. काढता काढता कोपऱ्यात एक फिकट तपकिरी ठिपका उरला, तोही पुसायचा राहून गेला म्हणून.

आत्या एकदम पुढे सरकली. "अरे, हे बघ. डाग पाडलाय कुणीतरी." अंगठा जिभेला लावला आणि घासला.

आतला सगळा संसार बाहेर आला.

आत्या दचकली. पुन्हा घासला, संसार आत गेला. पुन्हा घासला, बाहेर आला. "जायचा नाही हा," ती म्हणाली. "तेलाचा आहे."

मग ते झालं, जे मघाशी झालेलं नव्हतं: एकमत, पुष्पगुच्छ, टळलेली बदली. साहेबांनी शेरा मारला, की बटण इतकं स्पष्ट आहे की माणूस ते पाहताक्षणी पुसतो.

संध्याकाळी बटणवाला आत्याला घरी सोडायला गेला. आतून कडी लावलेल्या दारापुढे ती थांबली, बेलकडे निरखून पाहिलं आणि अंगठ्याने घासली. आत घंटा वाजली. आतोबांनी दार उघडून विचारलं, बेल कुणी दाबली? "डाग होता," आत्या म्हणाली आणि आत गेली. थोड्या वेळाने टीव्हीचा आवाज आला. आतोबा रिमोट कुठे पडलाय ते शोधत होते, आणि आत्या त्याच्यावरचा एकेक डाग काढत होती.

बटणवाल्याने मात्र धसका घेतला. दुसऱ्या दिवशी टेबलावरच्या चहाच्या ओघळावर बोट ठेवून, काय उघडतंय याची त्याने बराच वेळ वाट पाहिली. त्यात हुकूम आला, की बाकीची बटणंही अशीच स्पष्ट करावीत. आत्या उष्टी झालेली, दुसरं कोरं माणूस नाही. मग त्याने कागद ओढला आणि साहेबांना लिहिलं:

"विनंती की, अर्जदारास संगणकाला कधीही हात न लावलेली व्यक्ती म्हणून मागील तारखेपासून घोषित करण्यात यावे, आणि या अर्जावर निर्णय होईपर्यंत त्याला कोणतेही बटण दाखवण्यात येऊ नये."