कोपर आत

सर गेले त्या आठवड्यात वाद्यवृंदाच्या तालमीत वाजवणं कमी आणि बोलणं जास्त झालं. वर्षभरापूर्वी सरांच्या तीन जुन्या विद्यार्थिनींनी पेपरात तोंड उघडलं होतं, शिकवणीच्या खोलीत सर काय करायचे ते सांगितलं होतं. तेव्हा इथल्या झाडून सगळ्यांनी मूग गिळले होते, कारण सर जिवंत होते आणि कुणाला कुठे वाजवायला बोलवायचं हे त्यांच्या शब्दावर ठरत होतं. आता सर नाहीत म्हटल्यावर सगळ्यांना कंठ फुटला.

"कला वेगळी, माणूस वेगळा," काठीवाले म्हणाले. वाद्यवृंदाचे हे संचालक चहा पितानाही हातातली ताल द्यायची काठी खाली ठेवत नसत, त्यावरून त्यांचं हे नाव पडलेलं. "माणूस गेला. उरली ती कला. तिला आपण श्रद्धांजली वाहायची."

"आणि त्या तिघींना काय वाहायचं?" बासरीवालीने विचारलं.

"पूल बांधणारा दारू प्यायचा म्हणून तू नदी पोहून जातेस का?" ट्रंपेटवाला म्हणाला, आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश होऊन त्याने आणखी एक बिस्कीट उचललं.

मावशी खिडकीजवळ बसून व्हायोलिनच्या गजाला राळ घासत होती. एवढी राळ कुणी घासत नाही, पांढरी भुकटी मांडीवर सांडत होती. तिची भाची याच वाद्यवृंदात नवीन लागली होती आणि तिच्या तोंडून ऐकून ऐकून सगळेच हिला मावशी म्हणायला लागले होते. मावशीही सरांकडेच शिकलेली, कॉलेजच्या वर्षांत. पेपरातल्या त्या तीन नावांपुढे चौथं नाव तिचं लागायला हवं होतं. हे तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं, सख्ख्या बहिणीलाही नाही. इतकी वर्षं गप्प राहिल्यावर गप्प राहण्याचीही सवय होते, आणि मग ती सवयच आपला स्वभाव आहे असं लोक म्हणायला लागतात. शांत आहे हो मावशी, असं.

"सरांची खरी देणगी म्हणजे बंद हात," काठीवाले पुढे म्हणाले. "तो जिवंत ठेवायचा. श्रद्धांजलीच्या कार्यक्रमात सोलो चिमणी वाजवेल."

चिमणी म्हणजे मावशीची भाची. आणि बंद हात म्हणजे जिच्यामुळे सरांच्या शिष्या कुठेही ओळखू यायच्या ती ढब. बाकीचे व्हायोलिन वाजवताना उजवं कोपर मोकळं सोडतात, गज या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरतो. सरांच्या मुली कोपर बरगडीला चिकटवून, नुसत्या मनगटाने वाजवायच्या. गज आखूड पडायचा आणि सूर दबका यायचा, तोंडावर हात धरून कुणी रडावं तसा. ऐकणारे वेडे व्हायचे. जाणकारांनी त्यावर पानंच्या पानं लिहिली. आता तर शिकवणीच्या वर्गांतून सर्रास ऐकू यायचं, "कोपर आत! कोपर आत!"

"गंमत सांगू का?" पहिल्या रांगेतले दादा म्हणाले. वाद्यवृंदात वयाने सगळ्यात मोठे, सरांचे सगळ्यात जुने विद्यार्थी. "आम्हा मुलांना सर कधी कोपर आत घ्या म्हणाले नाहीत. स्वतः तर मस्त मोकळ्या हाताने वाजवायचे. मी किती प्रयत्न केला बंद हाताचा, छे! तो फक्त पोरींनाच यायचा. बायकांच्या हातातच काहीतरी असावं बुवा."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीच्या हातातली राळ खाली पडली आणि तिचे दोन तुकडे झाले.

कारण सरांनी तिलाही कधी कोपर आत घ्यायला सांगितलं नव्हतं. सर मागे उभे राहायचे. मागून त्यांचा हात यायचा, काखेखालून पुढे. कोपर बरगडीला घट्ट दाबून धरलं की त्या हाताला वाट मिळायची नाही, निदान लगेच मिळायची नाही. वाजवणं थांबवायची सोय नव्हती, दाराबाहेर स्टुलावर आई बसलेली असायची आणि आवाज थांबला की विचारायची, "काय गं, दमलीस का?" मग आईला काय सांगणार? म्हणून कोपर दाबून वाजवत राहायचं. त्या तिघींनी तेच केलं असणार, त्यांच्या आधीच्या आणि नंतरच्या मुलींनीही. बाहेर आल्यावर लोकांनी त्याला शैली म्हटलं. मावशीनेही शैलीच म्हटलं. तसं म्हटलं की बरं वाटायचं, त्या खोलीतून निदान काहीतरी कमावून आणलं असं वाटायचं.

पण 'कोपर आत' हे शब्द आले कुठून? ते तिने स्वतःच तयार केले होते, तिच्या तोंडून ते वर्गावर्गांत गेले होते, आणि चिमणी एवढीशी होती तेव्हापासून तिच्या कानीकपाळी ओरडत आली होती. खांदा दुखतोय असं सांगून ती तालीम अर्धी टाकून निघाली ती थेट बहिणीच्या घरी गेली.

चिमणी त्या दिवशी तालमीला आली नव्हती, तिच्या खोलीत रियाज करत होती. तोंडात च्युइंगगम, नजर खिडकीबाहेर, पायातल्या सपातेने ताल चाललेला. कोपर बरगडीशी, पण कसं, तर बाजारात जाताना काखेत पिशवी मारावी तसं. दबका सूर येत होता आणि त्यात एक खट्याळपणाही होता. मावशीने हे सगळं पाहिलं, पण त्याचा अर्थ तेव्हा तिला लागला नाही. तिला फक्त ते कोपर दिसत होतं.

"कोपर सोड," ती म्हणाली.

"काय?"

"मोकळं सोड. पूर्ण गज वापर."

चिमणी हसत सुटली. "मावशी, बरी आहेस ना? अगं, लहानपणी काखेत रुमाल धरायला लावायचीस मला. पडला की पुन्हा पहिल्यापासून! आणि आता म्हणे सोड."

रुमालाचं मावशी विसरली होती. ती पलंगाच्या कडेवर बसली. "माझं चुकलं होतं," ती म्हणाली. "आता सोड."

चिमणीने सोडून पाहिलं. सूर मोठा आला आणि कोराही. "हे तर कुणीही वाजवेल," ती तोंड वाकडं करून म्हणाली आणि कोपर पुन्हा जागेवर गेलं.

मग रोज तेच. मावशी संध्याकाळी यायची, "कोपर सोड" म्हणायची, चिमणी आधी हसायची, मग कुरकुरायची, मग दार आपटायची. कार्यक्रम जवळ येत चालला तसा मावशीचा धीर सुटत चालला. ही पोर व्यासपीठावर उभी राहणार, लोक म्हणणार सरांची खरी वारस, आणि उद्या हिच्याकडे शिकायला येणाऱ्या पोरी पुन्हा तेच कोपर मिटून घेणार. हे कुठेतरी थांबवायचं होतं, आणि थांबवायचं तर इथेच.

शेवटी ताईने, चिमणीच्या आईने, तिला स्वयंपाकघरात गाठलं. "छोटे, तुझं काय चाललंय? पोरीला पहिल्यांदा एवढी मोठी संधी मिळाली, आणि तू तिच्या पायात पाय घालतेस? लोक काय म्हणतील माहितेय? मावशीचाच जळफळाट होतोय."

"लोक म्हणतील की तू म्हणतेस?"

ताईने नळ सोडून भांडी विसळायला घेतली. मावशी तिच्या पाठीकडे पाहत राहिली. आत्ता सांगावं असं तिला वाटलं. पण मग ताई म्हणेल, इतकी वर्षं का नाही सांगितलंस. मग ती आईचं नाव काढेल. मग दोघी रडतील, आणि कोपर राहील तिथंच. ती ताईला काहीच न बोलता चिमणीच्या खोलीत गेली, दार लोटून घेतलं आणि पोरीला सगळं सांगितलं.

फार वेळ लागला नाही. ज्या गोष्टीने तिची अर्धी हयात खाल्ली, ती चार-पाच वाक्यांत संपली याचंच तिला नवल वाटलं.

चिमणीने तोंडातला च्युइंगगम काढून कागदात गुंडाळला. मग ती स्वतःच्या उजव्या कोपराकडे बघायला लागली. "म्हणजे हे… अडवायला होतं?"

"हो."

"आणि तू मला रुमाल धरायला लावलास."

"मला तेव्हा कळलं नाही गं. खरंच कळलं नाही."

चिमणीने व्हायोलिन उचललं. कोपर मोकळं सोडून वाजवलं, थांबली. आत घेऊन वाजवलं, थांबली. मागे वळून पाहिलं. मागे कपाट होतं. तिने खुर्ची ओढली, पाठ भिंतीला अगदी टेकवून बसली आणि पुन्हा गज लावला. दोन सुरांतच तिचा हात थांबला.

"मावशी, तू मला हे कशाला सांगितलंस?" तिने गज मांडीवर ठेवला. "मला काही माहीत नव्हतं तोवर हा हात माझा होता. मला मजा यायची. आता कोपर आत गेलं की मागे कुणीतरी उभं आहे असं वाटतंय. आणि सोडलं की तर आणखीनच वाटतंय."

तेव्हा कुठे मावशीला खिडकीबाहेर बघत, सपातेने ताल धरत वाजवणाऱ्या पोरीचा अर्थ लागला. कला आणि माणूस वेगळे करायला तालमीच्या खोलीत एवढी डोकी शिणली होती आणि कुणालाच ते जमलं नव्हतं. या पोरीच्या हातात ते आपसूक झालेलं होतं. भीती मावशीपाशी राहिली होती, चिमणीकडे नुसता सूर गेला होता. आणि मावशीने आज स्वतःच्या तोंडाने ती भीतीही तिला नेऊन दिली. आपल्याला जीभच नसती तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"तू नको वाजवूस," ती घाईघाईने म्हणाली. "मी काठीवाल्यांना सांगते. आजारी आहे म्हणते."

"खरं का नाही सांगत?"

मावशी पलंगावरची चादर सारखी करायला लागली.

"मला सांगता आलं तुला," चिमणी म्हणाली. "त्यांना नाही सांगता येत." आणि ती व्हायोलिन पेटीत ठेवायला लागली, सावकाश, तारा पुसून, गज सैल करून, मावशीनेच लावलेल्या शिस्तीने.

कार्यक्रमाला सभागृह गच्च भरलं होतं. सरांचा मोठा फोटो मागे लावलेला, त्यावर पिवळा उजेड. भाषणं झाली. एकाने "वादग्रस्त" हा शब्द वापरला आणि लगेच पाणी प्यायला. चिमणी वाजवणार नाही असं मावशीला शेवटपर्यंत वाटत होतं. पण ती आली. तिने मावशीकडे पाहिलं नाही. सोलो वाजवणाऱ्याने सगळ्यांच्या पुढे उभं राहायचं असतं, म्हणजे अख्खा वाद्यवृंद तिच्या पाठीशी होता. फोटोही पाठीशी होता, आणि दुसऱ्या रांगेत मावशीही.

काठीवाले आपल्या जागी जाता जाता कौतुकाने चिमणीच्या मागून गेले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं. चिमणीचं कोपर खटकन आत गेलं. मावशीला वाटलं, उठावं, ओरडावं. तिने व्हायोलिन हनुवटीखाली धरलं आणि काठी वर जायची वाट पाहिली.

चिमणीने सुरुवात केली. पाय हलत नव्हता. नजर कुठेही नव्हती. गज एवढासा फिरत होता आणि सूर असा काही दबून येत होता की पुढच्या रांगेतल्या लोकांनी श्वास रोखला. मावशीने तो सूर लगेच ओळखला. दाराबाहेर आई स्टुलावर बसलेली असताना तिच्या स्वतःच्या हातातून तोच निघायचा. तिच्यासमोर पाठमोरी उभी होती ती चिमणी होती की ती स्वतः, हे तिला काही क्षण सांगता आलं नसतं. तिचा गज तारांवर नुसता टेकलेला राहिला. तिची साथ बंद पडल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

संपलं तेव्हा सगळं सभागृह उभं राहिलं. दादा डोळे पुसत होते. त्या तिघींना काय वाहायचं असं विचारणारी बासरीवालीही पुसत होती. काठीवाल्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काठी खाली ठेवली.

"पोरी," ते गदगदून म्हणाले, "एवढे दिवस हात तयार होता तुझा, पण आत काही नव्हतं. आज आलं. अगदी त्यांच्या मुलींसारखं आलं. कुठून आणलंस गं?"

चिमणीने फक्त मान वळवून दुसऱ्या रांगेकडे पाहिलं, आणि काठीवाल्यांच्या चेहऱ्यावर उजेड पडला.

"म्हणजे काय, मावशीने दिलं!" ते लोकांकडे वळून मोठ्याने म्हणाले. "शेवटी गुरूकडचं तिनेच हिच्यापर्यंत पोचवलं. उठा मावशी, पुढे या!"

टाळ्या दुप्पट झाल्या. शेजारच्यांनी मावशीला हाताला धरून उभं केलं, वाट करून दिली. तिला दुसरं काही सुचत नव्हतं, पोरीला एकदा जवळ घ्यावं एवढंच सुचत होतं. दोन्ही हात पसरून ती मागून पुढे गेली. चिमणी आता पुन्हा लोकांकडे तोंड करून उभी होती. पाठीमागे कुणीतरी आलंय एवढंच तिला कळलं, आणि तिने कोपर आणखी घट्ट आत घेतलं.