धुराच्या वरून गेलेलं विमान

पुंजाआबांनी डोळ्यातल्या इंजेक्शनला नकार दिला, तेव्हा घरात कुणालाच नवल वाटलं नाही. ऐंशीला टेकलेला माणूस, डोळ्यात सुई टोचायची म्हटल्यावर हसत हसत कोण जाईल? नवल वाटलं ते त्यांनी दुसऱ्या दिवशी ओट्यावर बसून घातलेल्या अटीचं.

"ऐतवारी धरणावर ते इमान येनार हाय ना? ते मला दिसलं, तर सोमवारी मी गुमान सुई घ्यायला येतो. नाय दिसलं, तर या डोळ्यात राखण्यासारखं काय उरलं नाय असं समजायचं. मंग मला पुन्हा त्या इंदिरानगरच्या दवाखान्यात न्यायचं नाय. बोल, हाय कबूल?"

प्रश्न नातीला होता. सायली फिजिक्स शिकून नाशिकहून गावी परत आली होती आणि घरातल्या दवाखान्याच्या सगळ्या भानगडी तिच्याकडे होत्या. आबांचा एक डोळा आधीच गेला होता. दुसऱ्याच्या पडद्यामागे बारीक रक्तवाहिन्या गळत होत्या. त्यामुळे मधलं दिसत नव्हतं, कडेचं दिसत होतं. समोरच्या माणसाचा चेहरा बघायचा तर आबा त्याच्या कानाकडे बघायचे. नवीन माणसाला वाटे, म्हातारा मागे उभ्या असलेल्या कुणाशी तरी बोलतोय. सुई गेलेली नजर परत आणणार नव्हती, उरलेली राखणार होती. डॉक्टर म्हणाले होते, या आठवड्यात घ्या. एकदा तिथे व्रण धरला की सुईचा उपयोग नाही.

सायलीने अट लगेच मान्य केली. तिने आधी गणित केलं होतं, मगच हो म्हणाली. विमान दीडशे मीटरवरून जाणार, पंखांचा पसारा तेरा मीटरच्या आसपास. म्हणजे आबांना ते चंद्राच्या दहापट रुंद दिसणार. शिवाय हलणारी वस्तू डोळ्याच्या कडेलाच आधी कळते. पिवळंजर्द, संथ, डोक्यावरून जाणारं विमान आबांना दिसणार नाही, हे शक्यच नव्हतं. तिने मनात म्हटलं, पैज आबांनी लावली, पण हरणार तेच आणि त्यातच त्यांचं भलं आहे.

विमान कुठलं, हे त्या घरात कुणाला विचारायची सोय नव्हती, कारण विचारलं की पहिल्यापासून ऐकावं लागे. आबा दुसरी-तिसरीत असताना त्यांच्या हरभऱ्याच्या रानात एक हार्वर्ड विमान इंजिन बिघडून उतरलं होतं. लढाऊ वैमानिक ज्यावर शिकून तयार होत, ते हे विमान. दुरुस्तीची माणसं ट्रकमधून येईपर्यंत ते तिथेच राहिलं. आबांच्या आईने वैमानिकाला भाकरी आणि ठेचा घातला, त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आबांनी आपली शेळी पंखाच्या सावलीत बांधली. मग सगळ्या गावाने बांध फोडून, बैलांना ओंडका जुंपून रान सपाट केलं आणि विमान त्या रानातून उडून गेलं. तसली विमानं पुढे मोडीत निघाली. आता कुणी तरी वर्षानुवर्षं खपून, भाग जमवून, त्यातली काही पुन्हा उडती केली होती. रविवारी गंगापूर धरणावर तीन येणार होती. त्यातलं एक हार्वर्ड.

"ते इमान उडून गेलं म्हणत्यात," कुसाबाई, म्हणजे आजी, तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "कुठं गेलंय? माझं लगीन झालं तवापासून या घरातच घिरट्या घालतंय."

"तुला दावतो ना ऐतवारी."

"मला नगं. मला ते समदं पाठ हाय, शेळीसकट."

शनिवारी दुपारी वारा पडला. आभाळ घासून ठेवल्यासारखं स्वच्छ होतं आणि हवा कोरडी. दिंडोरीकडच्या द्राक्षवाल्यांना अशा जानेवारीच्या संध्याकाळची धास्ती असते. मण्यांत साखर भरत आलेली असते. पहाटे पारा फार उतरला की मणी तडकतात आणि वर्षभराची मेहनत पेटीत भरायच्या लायकीची राहत नाही. म्हणून पहाटे बागेत शेकोट्या पेटवायच्या. काड्या, पाचट, जुनं गवत जे असेल ते.

सायलीने बागेत तापमान आणि आर्द्रता मोजणारं यंत्र बसवलं होतं. त्यावरून ती रोज संध्याकाळी द्राक्षवाल्यांच्या ग्रुपवर अंदाज टाकायची. दिंडोरीपासून धरणाजवळच्या गिरणाऱ्यापर्यंतचे बागायतदार त्या ग्रुपवर होते. शेजारचा गोरक्ष तिला नावाने हाक मारणंच विसरला होता.

"काय हवामान खातं," तो कुंपणावरून ओरडला, "आज रातच्याला काय इचार हाय देवाचा?"

"पारा चारच्या खाली जाईल, गोरक्षकाका. पेटवावं लागेल."

"सुकं पेटवायचं का धुरासाठी वलं?"

इथे सायलीला दोन्ही बाजू माहीत होत्या. शेकोटीतली ऊब बागेला वाचवते, धुराचा उपयोग थोडा, असं तिने वाचलं होतं. पण या भागात आजवर सगळ्यांनी धूरच केला होता. नुसती ऊब म्हटली तर निम्मे लोक ऐकायचे नाहीत, आणि ज्याची बाग जाईल तो तिला धरेल. शिवाय हवेचं गणित धुराच्या बाजूचं होतं. अशा रात्री जमिनीलगतची हवा गार आणि तिच्यावरची उबदार असते. वरच्या हवेचं झाकण बसतं आणि खालचा धूर वर जात नाही. तिने ग्रुपवर लिहिलं, 'पाचट ओलं करून पेटवा. आज झाकण पक्कं आहे, धूर सकाळपर्यंत बागेवर टिकेल.'

खाली होकाराच्या अंगठ्यांची रांग लागली. आपला अंदाज इतक्या लोकांनी मानला, या समाधानात ती झोपली. धरणाचा विचार तिच्या मनात आला नाही.

सकाळी गोरक्षच्या पिकअपमध्ये पुढे खिडकीशी आबा, मध्ये सायली. आबांनी लग्नातला कोट घातला होता. गाडी नाशिकच्या रस्त्याला लागली आणि चढावर सायलीने उजवीकडे बघितलं. रामशेज किल्ल्याचा माथा कोवळ्या उन्हात लख्ख उभा होता. पायथा नव्हताच. सगळ्या खोऱ्यावर करडा थर पसरला होता, वरून सुरीने कापल्यासारखा सपाट. तिने सांगितलं होतं, अगदी तसंच झालं होतं. झाकण पक्कं बसलं होतं.

धरणही याच थराखाली असणार, हे तिला आत्ता सुचलं.

"आभाळ कसं हाय गं?" आबांनी विचारलं.

ती म्हणाली, "चांगलं आहे, आबा. एकदम निरभ्र."

तसं ते खोटं नव्हतं. थराच्या वर आभाळ निरभ्रच होतं. ऊन वाढलं की जमीन तापेल, खालची हवा वर उठेल, झाकण मोडेल. दहा वाजता विमानं, तोवर होईलही. आतापासून आबांना कशाला घोर लावायचा? गोरक्षने तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या आणि गाडी पुढे काढली.

धरणावर जत्रा भरली होती. वडापाव, कागदी झेंडे, बापांच्या खांद्यावर बसलेली पोरं. आणि पाणी कुठे सुरू होतं तेच कळत नव्हतं. पाण्यावरून उठलेलं धुकं आणि बागांवरून उतरलेला धूर एकमेकांत कालवले गेले होते. धुराचा एकेक कण म्हणजे धुक्याच्या थेंबाला बसायला मांडलेला पाट. हे सायलीला पाठ होतं. परीक्षेत तिने याच प्रश्नाला पैकीच्या पैकी मार्क मिळवले होते.

तिने आबांना खुर्चीत बसवलं, तोंड पाण्याकडे करून.

"धुराचा वास येतोय," आबा म्हणाले.

"आपल्याच कपड्यांना येतोय."

तेही खरं होतं. सकाळपासून ती एकामागून एक खरी वाक्यं बोलत होती.

दहा वाजले. लाऊडस्पीकरवरून सांगितलं, थोडा उशीर होईल. सायली सूर्याकडे बघत राहिली. तो थराआडून ताटलीसारखा दिसत होता, डोळे न मिटता बघता येईल असा. दूरच्या टेकडीवरचा टॉवर पुसट दिसू लागला आणि पुन्हा गेला. तिला ओरडावंसं वाटलं, पण कुणावर? हवेवर ओरडून ती लवकर तापत नाही. तिने ग्रुप उघडला. 'वाचलो, सायलीताई!' 'एक मणी नाही तडकला.' 'तुमच्यामुळे.' हात जोडलेली चित्रं. तिने फोन उलटा धरला.

मग आवाज आला.

पत्रा टराटरा फाडत जावा तसा. विमानाच्या पुढच्या पंख्याची टोकं आवाजाच्या वेगाजवळ पोचली की असा फाटका आवाज येतो, हे तिला माहीत होतं. पण आबांचं तोंड बघेपर्यंत तो आवाज म्हणजे काय, हे तिला माहीत नव्हतं. आबा खुर्चीतून उठून उभे राहिले. कुणाचा आधार न घेता.

"त्येच! सायली, त्येच हाय!"

गर्दी उसळली. "आलं, आलं!" "ते बघ, ते बघ!" पोरं किंचाळत करड्या थराकडे बोटं दाखवू लागली, जिथून आवाज येत होता तिथे. मोबाइल वर झाले. आबांनी मान एकदा डावीकडे वाकडी केली, एकदा उजवीकडे, मग खाली, मग वर. कडेच्या नजरेने आभाळाचा प्रत्येक तुकडा चाचपत होते. आवाज डोक्यावर आला, धरण ओलांडून गेला, वळून परत आला. तिन्ही विमानं थराच्या वर, उन्हात, घिरट्या घालत होती. जमीन दिसल्याशिवाय खाली येण्याची त्यांना मुभा नव्हती. आवाज लांब गेला आणि आला नाही.

स्पीकर खरखरत काहीतरी म्हणाला. टाळ्यांत आणि शिट्ट्यांत ते धड कुणालाच ऐकू आलं नाही.

आबा हळूच खाली बसले.

"बरं झालं," ते म्हणाले. "आपलं ठरलं व्हतं. मला नाय दिसलं."

"आबा, कुणालाच दिसलं नाही! धूर आहे सगळीकडे. धुकं आहे. विमानं वरच्या वर गेली."

"मघाशी तर निरभ्र व्हतं."

ते सायलीचंच सकाळचं वाक्य होतं. आबा पुढे म्हणाले,

"लोक टाळ्या कशाला वाजवतील मंग? पोरं बोटं कुनाला दावत व्हती?"

"आवाजाला, आबा! आईशप्पथ."

"माझ्यासाठी शपथा नको घेऊ." त्यांनी तिच्या हातावर थोपटलं. समजूत तेच तिची काढत होते. "गोरक्ष! अरे गोरक्ष, कुठं हाय तू?"

गोरक्ष चहाचे कप घेऊन येत होता. म्हाताऱ्याचा पडलेला चेहरा त्याला लांबूनच दिसला असावा.

"दिसलं का रं तुला इमान?"

"दिसलं म्हंजे काय!" गोरक्ष एका दमात म्हणाला. "पिवळं धमक! लय भारी, आबा. तुमी सांगत व्हता तस्संच. जिवाचं सोनं झालं."

त्याला वाटलं होतं, पाहिल्याचं सांगितलं की म्हातारा खुलेल. सायली त्याच्याकडे अशी बघत राहिली की त्याने कप खाली ठेवून दिले.

परतीच्या वाटेवर, गाडी रामशेजच्या जवळ आली तेव्हा थर विरला. पाच-दहा मिनिटांत सगळं आभाळ निळं झालं, इतकं निळं की घार उडताना तिची पिसं मोजावीत. सायलीने गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला गोरक्षला तिने सगळं सांगितलं, अट, सुई, सोमवार.  तो तसाच गाडीच्या खिडकीपाशी गेला.

"आबा, मी खोटं बोललो. पायातल्या वहाणेनं मारा मला. काय नाय दिसलं, नुसता धूर."

आबा हसले. "खाली उतरून तिनं काय पढवलं तुला, ते मला हितवर ऐकू आलं. डोळे गेल्यात, कान नाय."

"उद्या पेपरात येईल ना," सायली म्हणाली. "धुक्यामुळे दिसली नाहीत म्हणून."

"येईल. आन् वाचून कोण दावनार मला? तूच ना?"

घरी आल्यावर आबा कोट न उतरवता बागेत गेले. सायली मागून गेली. शेकोट्यांची राख अजून कोमट होती. आबा वेलीखाली वाकून घड हातात घेत, मणी अंगठ्याने चाचपत पुढे सरकत होते. एक ओळ झाली, दुसरी झाली. एकही मणी तडकला नव्हता.

"तुझं यंतर खरं बोलतं पोरी. बाग वाचली."

"मग माझंही खरं माना ना, आबा. एवढंच. उद्या फक्त चला."

"यंतराला माझी दया येत नाय. तुला येते." त्यांनी घड अलगद सोडला. "सकाळी तू मला चांगलं आभाळ सांगितलंस. आता धूर सांगतीस. दोन्ही माझ्या भल्यासाठीच ना? मला कळतं ते."

सायलीच्या खिशात फोन वाजला. दवाखान्याचा मेसेज होता, उद्या सकाळची वेळ, येताना जुने कागद आणा. तिने तो वाचला आणि तिला पुढचं काहीच दिसेना. हवेचा दाब, थराची जाडी, पंखांची लांबी, चंद्राची रुंदी, सगळं तिच्याकडे होतं. पण आबांना पटेल असा एक शब्द नव्हता.

आबा तिच्या कानाकडे बघत होते. म्हणजे तिच्याकडेच.

"रडतीस का गं?" ते म्हणाले, आणि समजल्यासारखी मान हलवली. "मंग माझंच खरं."