काही त्रास?

"निकालात लिहिलंय," वकील दामिनीताई कागदावर बोट फिरवत म्हणाल्या, "तुरुंगाचे डॉक्टर दर सोमवारी विचारायचे, काही त्रास आहे का. आणि तुम्ही दर वेळी नाही म्हणालात. म्हणून भरपाईचा दावा फेटाळला. खरंच विचारायचे, काका?"

"इचारायचा ना!" धाकलू खुलला. "लय भला मानूस. जवल येऊन इचारायचा."

"आणि तुम्ही?"

"बरा हाय म्हनायचो."

बांधावरच्या मारामारीत धाकलू आत गेला तेव्हा त्याला दोन पाय होते. निर्दोष सुटून गावी शेणव्याला आला तेव्हा एक. टाचेची जखम तुरुंगात चिघळत गेली आणि शेवटी गुडघ्याखाली कापावं लागलं. आमच्या शेणव्याकडे परक्यानं 'कसा हायस' विचारलं की 'बरा' म्हणायचं असतं. अंगावर झाड पडलेलं असलं तरी आधी बरा म्हणायचं, मग झाड उचला म्हणायचं. धाकलूनं झाडाचंही सांगितलं नाही.

"भाकर करपली तर आख्ख्या आळीला आयकवता!" बाईजा नवऱ्यावर उखडली. "तवा बरी जीभ चालते!"

"तू घरची गो. तो परका. एवढ्या जनांना इचारत फिरायचा बिचारा, त्याच्या डोस्क्याला आनखी ताप कशाला?"

"पाय बघितला का त्यांनी कधी?" दामिनीताईंनी विचारलं.

"चादरीखाली होता. त्यानं इचारला नाय, मी दाखवला नाय."

दामिनीताईंनी पेन खाली ठेवलं. "अपील करता येईल. बाकीचे कैदी म्हणतात, डॉक्टर फिरकायचेच नाहीत, नुसतं लिहून जायचे. तुम्हालाही तसंच आठवत असेल, तर..."

वकिलीत याला आठवण म्हणतात. अपील जिंकलं तर भरपाईतून चांगला पाय बसवता आला असता, धाकलू पुन्हा भाताच्या खाचरात उतरला असता. सध्या शेत बाईजा एकटीच ओढत होती. तिनं त्याला कोपरानं ढोसलं. "आठवा की!"

धाकलू पंख्याकडे बघत राहिला. आठवत असल्याचा चेहरा त्यानं मनापासून करून पाहिला. मग म्हणाला, "नाय, वकीलबाई. इचारला त्यानं. नाय कसा म्हनू? त्याला बी पोरंबालं असतील."

दामिनीताईंनी निकालाची घडी घातली.

ऑफिसचा जिना उतरताना बाईजा रागानं एक पायरी पुढे, तिच्या खांद्यावर धाकलूचा हात, दुसऱ्या बगलेत कुबडी. अर्ध्यात तो थांबला.

"थांब गो. दुकतंय."

बाईजाच्या ओठांवर आलेली शिवी तिथंच राहिली. एवढ्या वर्षांच्या संसारात हा शब्द तिनं त्याच्या तोंडून ऐकला नव्हता. ती वळली.

"कुठं?"

धाकलूनं कुबडीचं टोक पायरीवर टेकवलं. दुमडून पिन लावलेल्या लेंग्याच्या खाली, जिथं काहीच नव्हतं.

खालून फायली घेऊन कोणी कारकून घाईनं चढत आला. बाईजानं हात आडवा केला.

"दादा," ती म्हणाली, "जरा कडंनं जावा."