धार काढणारी बाई

मेलं ते छापयंत्राचं चाक! लग्न झाल्यापासून मीच ओढतेय. आता खांदा असा धरलाय की डोक्याला टोपी बांधायची म्हटलं तरी जीव जातो. आमचा म्हातारा, ईसब्रांट, तांब्याच्या पत्र्यावर सुईनं गाई कोरतो आणि मी त्या कागदावर छापते. सगळं हार्लेम गाव त्याला 'गाईवाला' म्हणतं, आणि त्याला त्याचंच कौतुक.

हिवाळ्यापासून मात्र त्याचं काहीतरी बिनसलं होतं. बिअरचा पेला टेबलावर ठेवायला जायचा, तो खाली. "नीट दिसतंय ना हो?" विचारलं की अंगावर यायचा. "दिसेनासं झालं की मीच बंद करीन. तुझी कटकट नको!" माझा जीव मात्र थाऱ्यावर नव्हता. गाई कोरणं सुटलं तर हा माणूस जगायचा नाही. माझ्यासाठी तर मुळीच नाही.

काल धार काढणाऱ्या बाईचा पत्रा कोरून झाला. पत्र्यावरचं उजवं कागदावर डावं उमटतं, म्हणून सगळं उलटं कोरावं लागतं. हे तो झोपेतही करील. मी शाई भरली, वर ओला कागद ठेवला, चाक ओढलं. कागद उचलून बघते तर काय!

बाई गाईच्या डाव्या अंगाला बसली होती.

आमच्याकडे उजव्या अंगालाच बसतात. डावीकडून गेलात तर गाय बादलीसकट उडवते. आणि हा तर गोठ्यातच वाढलेला! दुसऱ्या कुणी असं चित्र काढलं की पोट धरून हसायचा. "बसली बघ हिला लाथ!"

"आण इकडं," तो म्हणाला.

मी कागद दिला. खिडकीशी जाऊन त्यानं तो अगदी नाकाजवळ धरला. देवा, चूक दिसून शिव्या घालू दे याला, मी मनात म्हणत होते. पत्रा माझ्या डोक्यात घालू दे.

"झ्याक आलंय," तो म्हणाला. मग हळूच, "नेल्चे, बाई उजवीकडंच बसलीय ना गं?"

आजवर चित्रातलं त्यानं मला कधी काही विचारलं नव्हतं.

"हो," मी म्हटलं. "उजवीकडंच."

"मग छाप बाकीचे," म्हणाला आणि दुसरा पत्रा घासायला बसला.

मी त्याच्याकडे पाठ करून रडून घेतलं. पाठ कशाला केली कोण जाणे, त्याला कुठं दिसणार होतं.